उपग्रहाचं घोंगडं

बिरप्पाच्या तोंडाला झाकण म्हणून नव्हतं. सांगोल्याच्या बाजारात भेटेल त्याला तो सांगायचा, "आमच्या मेंढरांची लोकर आता आभाळात जानार हाय! उपग्रहाला घोंगडं करतीया आमची पोरगी." लोक हसायचे. हसोत बापडे.

पोरगी म्हणजे ऋतुजा, सोलापुरात विद्यापीठात संशोधन करणारी. आई गेल्यापासून बापलेकीत बोलायला विषयच उरला नव्हता. मग तिनं लोकर आणि चिकट राळ यांचे थरावर थर देऊन उपग्रहासाठी भिंत करायचं काढलं. अवकाशात विद्युतभारित कणांचा मारा असतो. तो अशी भिंत किती अडवते, आणि मार खाऊन तिचं काय होतं, हे ती लोकरीचे नमुने मोजून संगणकावर चालवून बघायची. तेव्हापासून दर कातरणीनंतर बिरप्पा धुतलेल्या लोकरीचं पोतं घेऊन एसटीनं यायचा. लोकरीला हल्ली काळं कुत्रं विचारत नाही, त्याचे गुडघे गेलेले, तरी कळप विकायचं नाव काढत नव्हता. माझ्या कामासाठीच ठेवलाय, असं ऋतुजाला वाटायचं. लोकर नापास झाली की कळप जाणार, हेही ठाऊक होतं. म्हणून तर त्या सकाळी पडद्यावरचं चित्र तिनं पुन्हा पुन्हा चालवून बघितलं.

कण अडत होते. पण काही वर्षांचा मारा बसताच राळ लोकरीला सोडत होती आणि थर सुटत होते. तिनं राळ बदलली, जाडी बदलली. मेलं पुन्हा तेच! तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "जमत नाही, हेही उत्तरच असतं. लिहून टाक आणि लोकर बंद कर." सरांचं काय जातंय बोलायला!

आणि नेमका तेव्हाच बिरप्पा पोतं घेऊन दारात. "औंदा लई मऊ हाय बघ."

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण खोट्या आशेवर त्याला त्या गुडघ्यांनी रानोमाळ हिंडवायचं? तिनं सांगून टाकलं. "आबा, आपली लोकर टिकत न्हाय. आता नका आणू."

तो पोत्यावरच बसला. "तुजं शिक्षान तर बुडत न्हाय ना?"

"न्हाय, आबा."

"मग झालं की." तो पोत्याची सुतळी चाचपत राहिला. "बरं निमित्त हुतं, पोरी. लोकरीचं बोलता बोलता, तू जेवलीस का, झोपलीस का, इचारता यायचं. नुसतं तेवढंच इचाराय कसं यायचं?"

ऋतुजाला रडू आवरेना. "असंच या की हो, आबा!"

"यीन की," तो म्हणाला.

रविवारच्या बाजारात त्यानं कळप विकून टाकला. ऋतुजानं वाट पाहिली, शेवटी फोन लावला. "आबा, कधी येताय?"

तो म्हणाला, "लेकीच्या दारात रिकाम्या हातानं कसं यिऊ, पोरी?"