मातीची साय

घळीच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा ऊन अजून वरच्या कड्यांवरच होतं. जानेवारीत ते तळाला उतरतं ते जेमतेम दुपारपुरतं. नोरीननं पिशवी पाठीला लावली आणि मागे हात घालून आतली काचेची बाटली पुन्हा एकदा चाचपली.

"सांडत नाही गं," वर्लाआत्या म्हणाली. "झाकण मी लावलंय. पण लेबल तरी काढायचंस."

"खरवडून पाहिलं. निघालं नाही."

"म्हणजे माझा भाऊ पीचचा मुरंबा होऊन चाललाय!" आत्या हसली आणि मग तिनं नाक पुसलं. थंडी होतीच तशी.

बाबा ऑक्टोबरात गेले. आईनं त्यांची रक्षा गावातल्या कबरस्तानात पुरली, तिच्या माहेरच्या माणसांशेजारी. नोरीननं त्यातली थोडी मागून घेतली होती. आतल्या मोठ्या वळणावर, झुकत्या कड्याखाली एक जुनिपरचं झाड आहे. बाबा दरवेळी तिथंच बसून भाकरी खायचे. रक्षा ठेवायची तर तिथंच, एवढं तिनं ठरवलं होतं. ठेवावी की नाही, हे मात्र अजून ठरत नव्हतं. कारण या घळीत काही म्हणजे काही मागे सोडायचं नाही, हा बाबांचाच दंडक. संत्र्याची साल खिशात, अक्रोडाची टरफलं खिशात. दुसऱ्यानं टाकलेलीसुद्धा.

कोरड्या ओढ्याच्या पात्रातून दोघी चालत राहिल्या. डबक्यांवर बर्फाचे पापुद्रे धरले होते, आणि आत्या जाता जाता काठीनं ते मुद्दाम फोडत होती.

"तुला ते ऑलिव्हचं ठाऊक आहे ना?" तिनं विचारलं. "मी त्याची बी थुंकले, तर हा पठ्ठ्या गुडघ्यांवर बसून शोधायला लागला. म्हटलं, थेरॉन, ऑलिव्ह आहे तो, बाँब नाही! तर म्हणतो, 'तो इथला नाही ना.'"

"मग सापडली?"

"सापडल्याशिवाय उठतोय कसला!"

नोरीन हसली, पण ते शब्द तिच्यासोबत चालत राहिले. इथला नाही ना. मग पिशवीतल्या बाटलीचं काय?

वळण आलं. ओढ्याच्या काठावर सपाट जमीन, तिच्यापलीकडे जुनिपर. जमिनीवर मातीची काळी साय होती. शेवाळानं वाळूचा कण न् कण धरून ठेवलेली, दुधाच्या सायीसारखीच नाजूक आणि जिवंत. तिच्यावर पाऊल पडलं तर भरून यायला माणसाचा जन्म जातो. लहानपणी नोरीनला सगळ्यात जास्त बोलणी खावी लागली ती या सायीपायी. 'पाय खडकावर, नाहीतर ओढ्यात!' बाबांचा तो आवाज तिला आजही ऐकू येई.

झाडाकडे जायची वाट बाजूच्या उतरत्या खडकावरून होती. आज त्या खडकावर पाणी गोठून काच झाली होती. नोरीननं बूट टेकवून पाहिला, तो सटकला.

"नको गं बाई," आत्या म्हणाली. "तुलाही बाटलीत भरून न्यायची माझ्यात ताकद नाही."

नोरीन सायीच्या कडेला येऊन उभी राहिली. ऊन नुकतंच तिथं पोचलं होतं. आठवड्यापूर्वीचा हिमाचा थर काळ्या जमिनीवरून वितळून गेला होता, पण मधल्या खोलगट जागांत अजून पांढरा होता. त्या जागा एका रांगेत होत्या. ओढ्यापासून थेट झाडापर्यंत.

पावलं होती. माणसाची, आणि लांब लांब टाकलेली.

"कोण मूर्ख गेला इथून!" तिच्या तोंडून बाबांच्याच सुरात निघालं.

आत्यानं काठी वाळूत रोवली. मग म्हणाली, "तुझा बाप."

"काहीतरीच."

"पाच वर्षांची होतीस. सरड्यामागे झाडामागच्या त्या कपारीवर चढलीस आणि पडलीस. किंचाळलीस अशी की माझं काळीज थांबलं. हा धावला, सरळ मधून. खडक नाही, ओढा नाही."

नोरीनला पडणं आठवत नव्हतं. बाबांच्या जाकिटाची खरखरीत कॉलर गालाला लागलेली आठवत होती.

"मग परत येतानाची पावलं कुठायत?"

"बघ ना नीट."

ती वाकली. पावलं एकाच माणसाची होती, पण प्रत्येकाची कडा दुहेरी होती. तिला उचलून येताना बाबांनी आपल्याच पावलांत पावलं टाकली होती. पोर रक्तबंबाळ, आणि हा माणूस खाली बघून चालत होता.

"मला म्हणाला, कुणाला सांगू नकोस," आत्या म्हणाली. "चेहरा असा, जसा काही चर्चच्या बिशपनं बारमध्ये पकडलाय. पुढे दरवर्षी त्या झाडाखाली बसून बघत राहायचा, भरून येतंय का ते."

त्या पावलांवरून पलीकडे जाता आलं असतं. नवा एकही ठसा उमटला नसता. नोरीननं पाय उचलला. मग खाली ठेवला, बसली आणि पहिल्या पावलातलं हिम बोटानं हलकेच बाजूला केलं. तळाशी रेती नव्हती. बारीक काळे कण एकमेकांना धरू लागले होते. पातळ, अगदी पातळ साय.

"येतंय," ती म्हणाली.

"येतंय ना?"

"हो."

ती उठून ओढ्यात उतरली. पात्राच्या मधोमध, जिथं ऑगस्टचा लोंढा सगळ्यात जोरानं जातो, तिथं तिनं बाटलीचं झाकण उघडलं आणि रक्षा मुठीमुठीनं वाळूत मिसळली. मग बुटानं वाळू सारखी केली. लोंढा काहीच जागेवर ठेवत नाही.

आत्या शेजारच्या दगडावर बसून डब्यातले ऑलिव्ह खात होती. तिचे डोळे लाल झाले होते. तोंडातली बी तिनं तळहातावर काढली आणि हात पुढे केला.

"आण ती बाटली इकडे."

बी काचेवर टणकन वाजली. नोरीननं झाकण लावलं.