संकेतानंदांच्या अंगात आलेला हेमराज

डिंडोलीतल्या साड्यांच्या डिझाइन-ऑफिसच्या जिन्यात चपलांचा ढीग पडला होता. वर कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर कुंकू आणि शेठच्या फिरत्या खुर्चीत संकेतानंद महाराज.

चमत्कारच तसा होता! इथला डिझायनर हेमराज महिन्यापूर्वी वारला. त्याच्या जागी लखन आला आणि त्याच दिवशी हेमराजच्या सगळ्या मोर-कुयऱ्यांच्या फाइलींपुढे मालक म्हणून लखनचं नाव आपोआप झळकलं. फाइलींना कुणी हातही लावला नव्हता. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारा तुषार महाराजांचा चेला. त्यानं खबर पोचवली, गुरूंनी निकाल दिला: हेमराजचा आत्मा लखनमध्ये शिरला!

"देह जळाला, डेटा उरला!" महाराज गाऊ लागले. "टाळ्या वाजवा, आत्मा लाजतो!"

मी जन्मभर कीर्तनात बसलेला माणूस. टाळाचा पहिला ठोका पडला की माझे डोळे भरून येतात. या गृहस्थाच्या गाण्यानं फक्त कान दुखले.

बाया लखनच्या पाया पडत होत्या. "मावशी, नका ना," तो रडकुंडीला आला होता.

हेमराजची बायको रंजना पुढेच बसली होती. मुठीत डबी, डबीत मंगळसूत्र. नवऱ्याची तेवढीच खूण तिच्याकडे उरली होती.

महाराज तिला म्हणाले, "अर्पण कर, ताई. मग लखनच्या तोंडून नवरा बोलेल."

तिनं डबी उघडली तसा मी जिन्यात जाऊन वंदनाताईंना फोन लावला. त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात आणि आमच्या कीर्तनाला पेटीची साथ करतात. अर्पणाआधीचं महाराजांचं गाणं संपायच्या आत त्या रिक्षानं आल्या, कॉम्प्युटरचा पडदा पाहिला आणि हसल्या.

"तुषार, हेमराजभाऊंचं खातं तू काढून टाकलंस?"

"हो."

"आणि लगेच लखनचं उघडलंस. आता लखनचं काढ आणि महाराजांच्या नावानं उघड. तूच टाइप कर. मी हात लावला तर जादू माझी ठरेल."

तुषार गुरूंकडे बघू लागला. शेठनाही बघायचंच होतं. ते गुजरातीत म्हणाले, "कर ने, भाई. जोई लईए."

तुषारनं काळ्या पडद्यावर दोन ओळी टाइप केल्या. मग फाइलींची यादी. प्रत्येक मोरापुढे, प्रत्येक कुयरीपुढे: संकेतानंद!

"अरेच्चा! हेमराजभाऊ महाराजांच्या अंगात आले!" वंदनाताई म्हणाल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

रंजना उठली. डबी छातीशी धरून महाराजांसमोर उभी राहिली.

"मंग सांगा. घरमा माले काय म्हनेत तुम्ही?"

नवरा घरात तिला काय हाक मारायचा, हे महाराजांना कुठून ठाऊक? त्यांनी दाढी कुरवाळली. "आत्मा... सध्या मौनात आहे."

"आताच तर गात होतात!" मागून आवाज आला.

वंदनाताई रंजनाला जवळ घेऊन म्हणाल्या, "ताई, कॉम्प्युटर फाइलीवर नाव लिहीत नाही, मालकाचा नंबर लिहितो. त्या नंबरचं खातं आज ज्याचं, त्याचं नाव दाखवतो. हेमराजभाऊंचा नंबर सगळ्यांत शेवटचा होता. तो मोकळा झाला, म्हणून पुढचं खातं उघडणाऱ्याला तोच मिळाला. बंद पडलेला मोबाइल नंबर कंपनी दुसऱ्याला देते ना, तसं. हा हे जाणून होता." तुषारनं मान खाली घातली.

महाराज तोवर चपला शोधत होते. त्या ढिगात सापडेनात, शेवटी अनवाणीच गेले.

रंजनानं डबी मिटली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ते नाहीतच."

"नाहीत, ताई. पण त्यांचं काम आहे."

वंदनाताईंनी तुषारला पुन्हा बसवलं. महाराजांचं खातं काढून हेमराजचं खातं त्याच नंबरवर उघडायला लावलं, कुणाला त्यात शिरता येऊ नये म्हणून कुलूप घालायला लावलं. लखनला वेगळा नंबर मिळाला. पडद्यावर मोरांपुढे पुन्हा हेमराजचं नाव आलं. रंजनानं ते बोटानं पुसल्यासारखं चाचपलं आणि डबी कमरेला खोवली.

बाबांनो, देवाला आळवा, मीही रोज आळवतो. पण देवाच्या नावानं कुणी विधवेच्या डबीकडे हात पुढे केला, तर आधी विचारा: हे झालं कसं? या प्रश्नानं देव रागावत नाही. रागावतो तो फक्त भोंदू.