सरांचा ळ

कागद लागला त्या दिवसापासून सर रुसले होते.

कागद साधाच होता. स्वोर्ड्स या आयरिश गावाच्या मुख्य रस्त्यावर, बेकरीच्या वरच्या मजल्यावर उल्काचं श्रवणतपासणीचं क्लिनिक होतं. तिथल्या चहाच्या कपाटाच्या दाराला आतून तिनं तो चिकटवला होता. कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात, आणि अकरा वर्षांत उल्काही प्रेसच म्हणायला लागली होती. कागदावर तीन ओळी होत्या. फोनवर कुणीही कोड, पासवर्ड किंवा पेशंटची माहिती मागितली तर द्यायची नाही. फोन ठेवायचा. मग खालच्या यादीतल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून विचारायचं.

यादीत पहिलं नाव डॉक्टर हरीश यांचं होतं.

"म्हणजे मलाही?" सरांनी विचारलं होतं.

"तुम्हालाही, सर."

"अगं, कानात दुर्बीण कशी धरायची ते मुंबईत मी शिकवलं तुला. आणि आता तू माझाच फोन आपटणार?"

"आपटणार नाही. हळूच ठेवीन."

रिसेप्शनवरची आयरिश मुलगी, डर्व्हला, मराठीतलं अक्षरही न कळता खुदकन हसली. सर हसले नाहीत.

सर सरकारी हॉस्पिटलात कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि क्लिनिकात निम्मे भागीदार. जागेचा करार त्यांच्या नावावर होता. तो संपत आला होता, आणि येत्या मंगळवारी त्यांची सही झाली तरच क्लिनिक तिथं राहणार होतं. अशा माणसाला दुखवू नये एवढी अक्कल उल्काला होती. पण शेजारच्या गावातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काय झालं तेही तिनं पाहिलं होतं. एक फोन, एक कोड, आणि दुसऱ्या दिवशी चोरांनी सगळ्या फायली कुलूपबंद केलेल्या. बाई आठवडाभर कुणाला तोंड दाखवत नव्हत्या, जणू चोरी त्यांनीच केली होती. उल्काकडे नऊशे माणसांच्या कानांचे आलेख होते. कुणाचा कान कोणत्या वर्षी किती उतरला, हे क्लिनिकाबाहेर कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि गेलेलं वर्ष पुन्हा मोजता येत नाही. म्हणून कागद राहिला.

ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेआधीचा, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीआधीचा शुक्रवार होता. पावणेपाच वाजले होते. शेवटच्या आजोबांना श्रवणयंत्र बसवून उल्का खोलीबाहेर आली तोच तिचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज मात्र तिच्या अगदी ओळखीचा.

"उल्का, मी बोलतोय. फोन पडला पाण्यात, नवीन घेतलाय. ऐक, आपल्या पेशंटच्या सिस्टिममध्ये मला शिरता येत नाहीये. तुझ्याकडे आत्ता एक कोड येईल, तो सांग पटकन."

टिंग झालं. कुणाचाही पासवर्ड बरोबर पडला की सिस्टिम उल्काच्याच मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवायची; तो आलाच.

मोबाइल हातात धरूनच उल्का ताठ उभी राहिली. सर बोलायला लागले की ती अशीच उभी राहायची; बावीस वर्षं जुनी सवय होती. आणि त्याच सवयीनं तिचं तोंड उघडलं.

"चार, शून्य, नऊ..."

"हं. पुढं? वेळ नाहीये गं माझ्याकडे."

ती थांबली. प्रेसचं दार अर्धवट उघडं होतं आणि कागद समोरच दिसत होता.

"सर, मी फोन ठेवते. तुमच्या नेहमीच्या नंबरवर करते."

"तो फोन पाण्यात पडलाय म्हटलं ना! तुझा तो पोरखेळ नंतर कर. इथे एका पेशंटला टेबलावर घेतलंय, त्याचा जुना आलेख हवाय मला. काळजी करू नकोस, जबाबदारी माझी."

टेबलावर पेशंट. हा माणूस खरा असेल तर ती एका शस्त्रक्रियेच्या आड येत होती, शिवाय मंगळवारी क्लिनिक गेलंच म्हणून समजायचं. खोटा असेल तर उरलेले तीन आकडे म्हणजे नऊशे माणसांच्या घरची किल्ली.

"पेशंटचं नाव सांगा. आलेख मी हॉस्पिटलच्या विभागात पाठवते."

"मला उलट प्रश्न? तुझ्या वेळी मी हेच शिकवलं का? मंगळवारी सही हवीये ना तुला? मग ऐक माझं!"

वेळ. काळजी. वेळी. शब्द तिच्या कानात शिरले आणि तिथंच राहिले. काहीतरी चुकत होतं, आणि काय चुकतंय ते काही केल्या सापडेना. सूर सरांचा होता. वाक्याच्या शेवटी खाली येणारा श्वासही सरांचाच.

"माफ करा, सर," ती म्हणाली. "तुम्ही खरे असलात तरी नाही." आणि तिनं फोन ठेवला. हळूच.

मग तिचे हात भराभर चालले. सिस्टिमचा आपला पासवर्ड बदलला. कोण कोण आत आहे ते पाहून सगळ्यांना बाहेर काढलं, सरांच्या नावालासुद्धा. दर आठवड्याला आलेखांची प्रत काढून ठेवलेली डिस्क तार काढून पत्र्याच्या डब्यात आहे ना, तेही पाहिलं. ती होती. यादीतल्या नंबरवर सरांना पुन्हा पुन्हा फोन लावला. बंद. हॉस्पिटलला लावला. तिथली बाई म्हणाली, डॉक्टर तीनलाच गेले, कुठे ते सांगितलं नाही.

"म्हणजे ऑपरेशन नाहीये," उल्का म्हणाली. "निदान त्या हॉस्पिटलात तरी नाही."

"मग सुटलोच की आपण," डर्व्हला म्हणाली.

"ते शुक्रवारी दुसऱ्या हॉस्पिटलात पण जातात कधीकधी."

मोबाइल पुन्हा वाजू लागला. तोच अनोळखी नंबर. पाठोपाठ संदेश: 'उल्का, हे फार महागात पडेल तुला.' डर्व्हलानं तिच्याकडे पाहिलं. "देऊन टाकायचा का? तुझे सरच असले तर?"

"सर असतील तर मंगळवारी मला हाकलतील," उल्का म्हणाली. "हाकलू देत. नऊशे जणांना मी शब्द दिलाय. सरांना फक्त नमस्कार केलाय."

ती श्रवणखोलीत जाऊन बसली. त्या खोलीचं दार लावलं की विमानतळावर उतरणारी विमानंसुद्धा गप्प होतात. स्वतःला ऐकायचं असलं की ती तिथंच जायची. तिनं डोळे मिटून तो आवाज पुन्हा आठवला. वेळ नाहीये गं. काळजी करू नकोस.

ळ!

तीन आठवड्यांपूर्वी सरांनी वरच्या दातांची कवळी बसवली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कसे, मुंबईत वर्गातल्या मुलींचे उच्चार सुधारलेला माणूस. पण उल्काचं पोट कानांवर चालत होतं. ळ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला टेकते. टाळूवर कवळीचा जाड पत्रा आला की ती टेकते पण घसरते. तीन आठवडे सर 'वेल' म्हणत होते, 'कालजी' म्हणत होते, आणि उल्का ऐकू न आल्यासारखं करत होती. मघाचा ळ मात्र काचेसारखा स्वच्छ होता. तिथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर सरांची जुनी व्याख्यानं आहेत, चक्कर का येते, कानात काडी का घालू नये, तिथला ळ.

कुणीतरी सरांचा आवाज तिथून उचलला होता. त्यांचे दात मात्र त्याला माहीत नव्हते.

सव्वासहाला मोबाइलवर सरांचा नेहमीचा नंबर उमटला.

"अगं, सात मिस्ड कॉल? काय पेटलंय का तिकडे? हॉस्पिटलातून पण निरोप..."

सुटल्यासारखं होऊन उल्का खुर्चीत बसली. नंबर ओळखीचा, आवाज ओळखीचा. पण मघाशीही आवाज ओळखीचाच होता, आणि नंबरही बनवता येतात.

"सर, फोन ठेवा. मी करते."

"काय?"

"ठेवा, सर. कागदावर आहे तसं."

तीस वर्षांत या माणसाला कुणी फोन ठेवायला सांगितलं नसेल. मग खट् झालं. उल्का उठली, प्रेसचं दार पूर्ण उघडलं आणि यादीत पाहून एकेक आकडा दाबला. नंबर तोंडपाठ होता तरी पाहून.

"हं, बोल बाई," सर म्हणाले. "आता तरी मी मी आहे ना? जरा बाहेर होतो. फोन बंद होता. थोडा वेल लागला."

ळ घसरला होता. इतका वाईट उच्चार आयुष्यात कधी इतका गोड लागला नव्हता.

तिनं सगळं सांगितलं. पहिले तीन आकडे सांगून बसले, हेसुद्धा. शेवटी सर म्हणाले, "माझा पासवर्ड त्यांना कुठून मिलाला?"

"तुमच्या नावापुढे एमबीबीएसचं साल, सर. सगळीकडे तोच, ईमेललाही; मंगळवारच्या सहीचं तिथूनच वाचलं असेल त्यांनी. ते साल मंडळाच्या यादीतही छापलंय. डर्व्हलालाही माहीत आहे."

"ग्रँड," सर म्हणाले; 'ठीक आहे'ला तिकडे तसंच म्हणतात. मग घसा खाकरला. "आणि मी नव्हे हे तुला कललं कसं?"

"तो फार स्पष्ट बोलत होता, सर."

सर खुसखुसले. "दातांच्या डॉक्टरकडेच होतो. घासून आणली कवली. तरी नाही सुधारलं, नाही का?"

"नाही."

"आणि खरंच मी असतो तर? टेबलावर पेशंट असता तर?"

"तरी फोन ठेवला असता. आलेख हॉस्पिटलात पाठवला असता, कोड नसता दिला. पुढच्या वेळीही तेच करीन. तुम्हाला चालत नसेल तर मंगळवारी सही करू नका."

डर्व्हला श्वास रोखून पाहत होती. भाषा कळत नव्हती, पण उल्का ताठ उभी नाही, हे तिला दिसत होतं. ती प्रेसला टेकून उभी होती, एक हात खिशात.

"मंगलवारी दहाला येतो," सर म्हणाले. "पेन तू आण. आणि तो कागद..."

"काढणार नाही, सर. मोठ्या अक्षरात छापून बाहेरच्या भिंतीवर लावणार आहे. आज काय झालं तेही सोमवारच्या सुट्टीनंतर सगळ्या पेशंटना कळवणार आहे, तीन आकड्यांसकट. मी तोंड लपवून बसणार नाही."

"लाव," सर म्हणाले. "फक्त दातांचं लिहू नकोस."

"नाही लिहिणार. तुम्ही पासवर्ड बदला. आत्ता. मी फोन धरून थांबते."