अनोळखी इसम, खोली नंबर सात

आमच्या ह्यांना शेजारच्या सात नंबरातल्या दत्तारामने धोपाटण्याने मारलं ते एशियाडच्या साली. कारण काय, तर वाळत घातलेले आमचे बोंबील त्याच्या दोरीवर सरकले. बोंबलांवरून हाताचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले. मग त्यानेच रिक्षा आणली, त्यानेच इस्पितळात नेलं आणि हवालदाराला जबाबही त्यानेच दिला: कुणी अनोळखी इसम मारून पळाला. ह्यांनी मला गळ्याची शपथ घातली. "सुगंधा, भिंतीला भिंत लागून राहायचंय. गप बस." मी गप बसले. माझ्यासारखी बाई गप बसते म्हणजे काय, ते जोगेश्वरीत कुणालाही विचारा.

पुढे इस्पितळाने ठरवलं, मार खाल्लेल्या माणसांची वर्षानुवर्षं चौकशी करायची. दर साल दिवाळीनंतर तिथल्या कर्णिकबाई यायच्या. झोप लागते का, दचकता का, भीती वाटते का. आता आमच्या चाळीत पाहुणा एका घराचा नसतो. दार सताड उघडं आणि अख्खा मजला आत. दिवसा दार लावलं तर लोक म्हणणार, घरात काहीतरी काळंबेरं आहे. त्यात मजल्यावर धड खुर्ची एकच, दत्तारामची. बाई तिच्यावर बसायच्या आणि हा शेजारी उभा. "शेजारी असावा तर असा," बाई म्हणायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

भीती तर ह्यांना वाटायचीच. नळावर गेले तरी पाठ भिंतीला. दर साली ते बाईंना खरं सांगायचे, "वाटते." कुणाची, ते नाही सांगायचे.

शेवटी दत्तारामच वैतागला. त्याने मजल्याची मीटिंग बोलावली. "पाच वर्षं झाली, हा बरा होत नाय म्हणजे काय? इस्पितळात आपल्या मजल्याची काय इज्जत राहिली?" शांताबाई म्हणाली, दृष्ट काढा. दत्ताराम म्हणाला, मीच बघतो. झालं, रोज संध्याकाळी ह्यांना समोर बसवून शिकवणी सुरू.

"भीती वाटते?"

"वाटते."

"अरे नाय वाटत, असं बोल ना. नायतर परत एक ठेवून देईन."

भीती घालवायला आलेला मास्तर हा असा. काय बोलणार कपाळ! पण दिवाळीपर्यंत ह्यांचं पाठ झालं.

बाई आल्या. मजला जमला. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"भीती वाटते का?"

"नाही."

"दचकता का?"

"अजिबात नाही."

माझ्या माणसाला एवढं खोटं बोलावं लागावं, तेही मारणाऱ्याकडून शिकून. बाई खूश झाल्या. दत्ताराम त्याहून खूश. "शाब्बास रे जयवंता," म्हणत त्याने पाठ थोपटायला हात उचलला.

हे धाडकन खाली बसले. दोन्ही हात डोक्यावर, तोंड गुडघ्यांत.

"च्यायला, शाबासकी देत होतो ना," दत्ताराम म्हणाला.

बाई खुर्चीवरून उठल्या आणि ह्यांच्यापाशी जमिनीवर बसल्या. "जयवंतराव, तुम्हाला मारलं कोणी?" इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"ह्योच तो," हे गुडघ्यांतूनच म्हणाले.

"पाहुण्यांसमोर असं बोलतात काय?" शांताबाई म्हणाली. तिच्यापासूनच सुरुवात केली मी. एकेकाला बाहेर काढलं, दत्तारामला त्याच्या खुर्चीसकट. भरदिवसा दार लावलं, कडी घातली. लोकांना म्हणायचं ते म्हणू देत.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. "भीती वाटते?"

"वाटता," हे गावच्या बोलीत म्हणाले, आणि मार खाल्ल्या दिवसापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले.