नीलमच्या पत्रिकेतला मंगळ

भाईंदर पूर्वेला सायबर कॅफे चालवणारा नीरज स्वतःला हॅकर म्हणवायचा, आणि तोही तत्त्वाचा. कुणाच्या बँकेला हात लावायचा नाही, कुणाची मेल वाचायची नाही. आता बँक फोडणं त्याला बापजन्मी जमलं नसतं, पण तत्त्व ते तत्त्व.

ते मोडलं नीलमपायी. ही कॅफेच्याच इमारतीत वर राहणाऱ्या आत्मारामकाकांची मुलगी. दोघांचं जुळलं होतं, पण घरी सांगायची छाती कुणाची? तोवर काकांनी तिचं नाव ज्ञातीच्या वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर टाकलं आणि दर रविवारी कांदेपोह्यांचा रतीब सुरू झाला.

"काहीतरी कर," नीलम म्हणाली, "नाहीतर माझ्या लग्नात जेवायला ये."

साइटचा पासवर्ड काय, तर मंडळाचंच नाव. नीरज आत शिरला आणि नीलमच्या माहितीत 'मंगळ : नाही' होतं तिथे 'आहे' करून आला. ही लबाडी नव्हे, समाजसेवा आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

झालं भलतंच. मंगळाची मुलं बिचारी वर्षानुवर्षं मंगळाची मुलगी शोधत बसलेली, ती सगळी काकांच्या दारात. विरारचा एक तर पहिल्याच भेटीत पेढे घेऊन आला. काका त्याला होकार देणार असं कानावर आलं, तशी नीरजची पाचावर धारण बसली. तो धावत वर गेला.

"काका, नीलमला मंगळ नाहीये. साइटवर तो मी घातलाय. आणि... मला ती आवडते."

काकांनी आधी दार लावून घेतलं.

"गाढवा, मंगळ तिला जन्मापासून आहे. मीच लपवला होता, तिलाही ठाऊक नाही. मला वाटलं पत्रिका करणारे आमचे गुरुजी फुटले. त्यांच्याशी बोलणं टाकलंय मी."

नीरजला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. आयुष्यात एकदा हॅकिंग केलं, आणि जे खरं तेच लिहून आला.

"मुलगा तसा बरा आहेस तू," काका म्हणाले. "पण तुझ्या घरच्यांनी त्याच साइटवर टाकलेली तुझीही पत्रिका पाहिली मी. मंगळाचा पत्ता नाही. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा लागतो, आणि आता तुझ्या काकूलाही मंगळाचं कळलंय, ती काही केल्या ऐकायची नाही." मग स्वयंपाकघराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "तुला घालता येतो म्हणालास ना?"

"काका, माझी काही तत्त्वं आहेत."

"असू देत की. विरारवाला रविवारी आईवडिलांना घेऊन येतोय."

नीरजने खिशातून मोबाइल काढला.

"कितव्या घरात घालू?" त्याने विचारलं.