बर्फाखालची फ्रान्झी

मी एक जुनी तळी आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये, एका घराच्या परसात असते. मित्रांनो, तळी म्हटलं की तुम्हाला कमळं आणि दगडी पायऱ्या आठवतील. माझ्यापाशी तसलं काही नाही. आयग्नर नवरा-बायकोनं एका उन्हाळ्यात फावड्यानं मला खणलं, तळाशी जाड काळं रबर अंथरलं, काठाला नदीतले गोटे लावले. पाणी भरून झाल्यावर दोघं चिखलानं बरबटलेले पाय सोडून काठावर हसत बसले होते. मग माझ्यात सोनेरी मासे आले.

पुढे नवरा वारला. माशांच्याही पिढ्या सरल्या. त्याच्या हातच्या माशांपैकी फ्रान्झी तेवढी उरली. आयग्नरबाई रोज तिच्याशी बोलत. दिवसभरात दुसऱ्या कुणाशी बोलत असतील असं मला वाटत नाही. मग बाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि घर हृषिकेश-अरुंधती या मराठी जोडप्याला भाड्यानं दिलं. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. उर्जा त्यांची शाळकरी लेक.

जाताना बाईंनी बजावलं, "पानगळीत पाण्यातली पानं काढा. गोठलं तर बर्फात एक भोक उघडं ठेवा. हातोडा मारू नका हं, मासे दचकून मरतात. उकळत्या पाण्याचं पातेलं टेकवा. ईस्टरला मी फ्रान्झीला भेटायला येईन."

"या, या, गेनाऊ!" हो, हो, अगदी बरोबर, असं जर्मनमध्ये म्हणून हृषिकेशनं मान डोलावली.

माणूस वाईट नाही. पण शरदात कामाचा रेटा, आणि जानेवारीत भाच्याच्या लग्नाला सगळे नाशिकला. पानं माझ्या पोटात कुजत राहिली. थंडी अशी पडली की मी या काठापासून त्या काठापर्यंत मिटून गेले. सडक्या पानांच्या वायूला वर जायला वाट उरली नाही. फ्रान्झी माझ्या सगळ्यात खोल कोपऱ्यात होती. तिचे कल्ले हलायचे थांबले ते मला कळलं. हाक मारणार कुणाला? घराला कुलूप होतं.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि ती वर आली. आडवी.

त्यानंतर माझी जी सेवा सुरू झाली ती काही विचारू नका! हृषिकेशनं बाह्या सारून जाळीनं काळा लगदा उपसला, वाळलेलं गवत कापलं, थोडं पाणी बदललं, पंप धुतला. पाणी गार असेतो उरलेल्या माशांना खाणं घालायचं नाही, हेही तो वाचून शिकला. सगळं अगदी बरोबर केलं. फक्त उशिरा.

अरुंधतीची आई, सुधाताई, तेव्हा पुण्याहून आल्या होत्या.

"आता फ्राऊ आयग्नरना काय सांगायचं?" अरुंधती म्हणाली.

"काही सांगायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला असली बातमी देतात का? दुकानातून तसलाच आणा. मासे काय, सगळे सारखे."

"अगं आई, पण..."

"तुझे बाबा गेले ते तुझ्या आजीला आपण महिनाभर कळू दिलं नव्हतं. सुखानं दोन घास जेवत होती बिचारी."

"पण हे खोटं आहे," उर्जा जर्मनमध्ये म्हणाली. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.

"काय म्हणते गं ही?"

"काही नाही," अरुंधती म्हणाली.

हृषिकेशनं फ्रान्झीला वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्याच्या पेटीत टाकलं. संध्याकाळी पिशवीतून एक नवा मासा आला. बिचारा किती तरी वेळ माझ्या काठाकाठानं धडपडत होता.

ईस्टरला बाई आल्या, चाकांच्या वॉकरवर रेलून. सुधाताईंनी बेसनाचा लाडू पुढे केला. तो हातात धरून बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"फ्रान्झी कुठे आहे?"

"ही काय, समोरच!" हृषिकेश म्हणाला.

"फ्रान्झीच्या शेपटीला बगळ्यानं चोच मारून खाच पाडली होती. माझा नवरा अनवाणी धावला म्हणून वाचली ती. हा मासा कोण?"

अरुंधती पुटपुटली, "ती हिवाळ्यात गेली. आमचंच चुकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच असतं," बाई म्हणाल्या. "ते वाईट वाटणं माझं होतं. मी म्हातारी झालेय, लहान मूल नाही. कुठे पुरलंत तिला?"

हृषिकेशनं मान खाली घातली. उर्जानंच खरं सांगितलं. पेटी तर केव्हाच रिकामी होऊन गेली होती.

बाईंनी लाडू गोट्यावर ठेवला. जाता जाता म्हणाल्या, "याला फ्रान्झी म्हणू नका. त्याला त्याचं स्वतःचं नाव द्या."

त्या गेल्यावर सुधाताईंनी विचारलं, "काय म्हणत होत्या?" या वेळी अरुंधतीनं शब्दन् शब्द सांगितला. सुधाताई अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ बसून होत्या. बाई काही पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या परसात माझ्यासारखी कुणी असेल तर पानं गळतील तेव्हाच काढा. वसंतातली धावपळ गेलेल्या जिवाच्या कामी येत नाही. आणि कुणाचं लाडकं गेलं, मग ते बोटभर मासोळी का असेना, तर त्याच्यापासून लपवू नका. रडायला त्याला वेळेवर बोलवा.