शिवणीतली माती

जुईने पेंग्विन हिरवा रंगवला होता. तिला रागवायला म्हणून संपदा वाकली ती वाकलेलीच राहिली.

पुस्तक धनंजयचं होतं. 'बेटावर उतरण्यापूर्वी' असं नाव, वीस-बावीस पानं, सगळं इंग्रजीत. कंपनीने दिलेलं, पण अकरा दिवसांपूर्वी तो इथल्या, आखातातल्या हमरिया बंदराच्या धक्क्यावरून बोटीत चढला तेव्हा ते चपलांच्या रॅकवरच राहून गेलं. इंग्रजी कागद घरी आणायचा आणि वाचायचा नाही, ही त्याची जुनी खोड. वेल्डरला काय वाचायचंय, म्हणायचा. बोट थेट खाली दक्षिणेला जायची होती. आफ्रिका संपते, तरी समुद्र संपत नाही, तिथे ज्वालामुखीचं एक बेट आहे. शास्त्रज्ञांना राहायला तिथे पत्र्याच्या खोल्या जोडायच्या. तीन महिन्यांचं काम.

"मम्मा, डोन्ट मूव्ह द पेज."

संपदाने पान हलवलं नाही. हिरव्या पेंग्विनच्या पायाशी काय लिहिलंय ते ती वाचत होती. माती नको. बी नको. बुटाच्या तळाचा चिखल, मोज्यात अडकलेलं कुसळ, काही नको. खाली समजावून सांगितलं होतं, की इथे झाड असं नाहीच. राखेची पातळ माती, तिच्यावर उशीसारखी फुगलेली झुडपं, आणि खाली बिळं करून राहणारे समुद्रपक्षी. आजूबाजूच्या काही बेटांवर जुन्या जहाजांतून उंदीर उतरले, ते पिल्लांना जिवंत कुरतडतात. कुणाच्या तरी बुटातून साधं अंगणातलं गवत गेलं, आता उतारच्या उतार त्याने गिळलेत. या बेटावर अजून तसलं काही पोचलेलं नाही.

संपदा बाल्कनीत गेली.

तिथे दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात चिमूटभर माती होती. देवगडकडून सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलेली. माणूस लांब समुद्रावर निघाला की गावच्या राखणदाराच्या, म्हणजे हद्द राखणाऱ्या देवाच्या, पायाची माती पुरचुंडीत बांधून त्याच्या कपड्यात शिवायची. ज्याच्या अंगावर ती असते त्याला मात्र सांगायचं नाही. एरवी संपदा असल्या गोष्टींना हसली असती. पण गेल्या वर्षी धनंजय परांचीवरून पडला, दोन बरगड्या गेल्या, तेव्हापासून तिचं हसणं बंद झालं होतं. त्याच्या जाड जॅकेटचं अस्तर तिने डाव्या काखेखाली उसवलं, पुरचुंडी आत ठेवली आणि दुहेरी दोऱ्याने बारीक टाके घातले. उरलेली माती टाकवेना, म्हणून डब्यात. कुंड्यांना पाणी घालताना डब्यालाही पडत होतं.

डब्यात तीन कोंब आले होते. केसासारखे बारीक, पोपटी.

मैमुनाभाभी कपडे वाळत घालत होत्या. अल मजाजच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली त्यांची, एक संपदाची, स्वयंपाकघर दोघींचं. हर्णैच्या. जिभेला हाड नाही, पण जीव लावणाऱ्या.

"भाभी, हे बघा."

"बघितलं. गवत आहे. त्यात इतकं काय?"

संपदाने सगळं सांगितलं. भाभींनी ओली बनियन तशीच खांद्यावर टाकली. "अगं, तिथे बर्फ पडतो ना? आपल्या कोकणातलं गवत जगतंय होय तिथे."

"जगणार नाही असं कोण सांगणार? आणि मातीत नुसतं गवतच असतं का? किड्यांची अंडी असतात, बुरशी असते."

"नवरा एवढ्या लांब गेला त्याची नाही, चिमण्यांची काळजी लागली हिला."

"त्याचीच लागलीय," संपदा म्हणाली. कारण पुस्तकात शेवटच्या पानावर हेही होतं, की लपवून काही नेणाऱ्याला बेटावर उतरू देणार नाहीत. बोट शनिवारी डर्बनला लागणार होती. तिथे सगळ्यांचं सामान झाडून, बूट घासून बघणार. पण शिवण कोण उसवणार? जॅकेट तसंच पुढे जाईल. त्याच्या अंगावर, त्याला न कळता.

गुरुवारची दुपार, इथली शुक्रवारची सुट्टी लागलेली. बोटीच्या एजंटच्या ऑफिसात फोन नुसता वाजत राहिला.

त्या संध्याकाळी ती एका जागी बसलीच नाही. भात लागला. जुईला भरवताना घास हातात धरून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली खाडीच्या कडेने लोक पोरांना घेऊन फिरत होते. पुरचुंडी राहिली तर बेटाचं काय होईल ते होईल. काढली तर त्याच्या अंगावर काहीच राहणार नाही, आणि ते तिनेच काढलेलं असेल. आणि तो तसाच शिडीवर चढेल, वाऱ्यात.

"मम्मा, माय माउथ इज ओपन," जुई म्हणाली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून भाभींचे यूनुसभाई आले आणि न जेवताच पिकअपची किल्ली घेऊन निघाले. "चला वहिनी, यल्ला. हमरियाला एजंटचा एक माणूस सुट्टीतही ड्यूटीवर असतो." जुईला भाभींनी ठेवून घेतलं.

ड्यूटीवर रफिक होता, हैदराबादचा, समोर बिर्याणीचं पार्सल. त्याने घास थांबवून सगळं ऐकलं.

"फॅक्स जाएगा, मॅडम. लेकिन सीधा कॅप्टन के पास. वो पढ़ेगा, फिर मरद को देगा." तो जरा पुढे झुकला. "मेरी मानो तो इतना ही लिखो, कॉल होम अर्जंट. डर्बन से फोन करेगा, आप कान में बोल दो. वो चुपचाप निकाल के फेंक देगा. नौकरी भी सलामत."

यूनुसभाईंनी मान हलवली. बरोबर आहे म्हणाले.

संपदाने पेन घेतलं. कॉल होम, इथपर्यंत लिहिलंसुद्धा. मग तिला धनंजय दिसला, डर्बनच्या फोनवर. इतकुशी तर माती, असू दे, म्हणणारा. पडल्यापासून तो पत्र्याच्या शिडीला हात लावण्याआधी डोळे मिटायचा. तिला ठाऊक नाही असं त्याला वाटायचं. आपल्या अंगावर गावचा राखणदार आहे हे एकदा कळलं की तो ती पुरचुंडी सोडणार नव्हता. आतापर्यंत नकळत नेत होता, मग जाणूनबुजून लपवून नेली असती.

तिने तो कागद चुरगळला आणि दुसरा मागितला. ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: जाड निळं जॅकेट, डावी काख, अस्तराच्या आत भारतातली माती. मी शिवली आहे. माझ्या नवऱ्याला माहीत नाही. खाली नाव, फ्लॅटचा फोन.

"पक्का?" रफिकने विचारलं.

"भेजो."

शनिवारी फोन आला नाही. रविवारी दुपारी आला.

"काय गं," धनंजय म्हणाला. आवाज लांबून, मागे बंदराची घरघर. "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काढली असतीस?"

"तपासणारी बाई आली. सगळ्यांसमोर कात्रीने अस्तर फाडलं. कुक म्हणतो, बायकोने तुला पुरायला माती घरूनच दिली काय. सगळे हसले. मग तिने त्या सगळ्यांच्या शिवणी उलट्या करायला लावल्या, तेव्हा बसले गप्प."

"तुला बोटीवरून उतरवलं?"

"नाही. तुझा कागद दाखवला कॅप्टनने. उद्या निघतो."

"आणि माती?"

"जाळली. माझी सही घेतली." मग, जरा खाली आवाजात, "आता अंगावर काही नाही माझ्या."

"माहितेय."

"आईला सांगू नकोस."

तो म्हणाला म्हणून ती तासभर गप्प राहिली. तेवढ्यात तिने ओटा दोनदा पुसला. मग न राहवून देवगडचा नंबर फिरवला आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं, फॅक्सपासून कात्रीपर्यंत. पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"आई?"

"तां बेट कोणाचा?" सगुणाबाईंनी विचारलं.

"कुणाचं नाही. माणसं राहतच नाहीत. पक्षी असतात."

"थंयचो राखणदार कोण?"

"कुणी नसेल."

"नसात कसो? हद्द हा म्हणजे राखणदार हा. दुसऱ्याच्या हद्दीत आपली माती कोण न्हेता? माका आधी सांगूक नको तुया? तो मुंबयसारख्या गावाक जाता असा वाटला माका." त्या चांगल्याच चिडल्या होत्या. "आता थंय पाय ठेवच्याआधी एक नारळ ठेवूक सांग त्येका."

"आई, नारळ चालत नाही तिथे."

"तांदूळ?"

"तांदूळही नाही."

"मगे हात जोडूक सांग. हात तरी चलतत ना?"

संपदाने पुस्तक ओढून घेतलं. "चालतात," ती म्हणाली. "धुऊन."

"मगे धुवन जोडूक सांग," म्हणून त्यांनी फोन ठेवला. संपदा तशीच उठली आणि, बोट निघायच्या आत आणखी एक फॅक्स जाईल का, ते विचारायला यूनुसभाईंचं दार वाजवू लागली.